पाच नंबरच्या दारावरचा लाल दिवा

चहा येऊ दे आधी. ही गोष्ट मला कोरड्या घशाने सांगता येत नाही. शिवाय मध्येच तुम्ही हसायला लागलात की मला कपात तोंड घालून बसता येतं. हसा हो, माझी हरकत नाही. सुरुवातीला मीही हसतच सांगतो.

तर मला एक खोड आहे. दिवसाढवळ्या कुठे दिवा चालू दिसला की माझा हात बटणाकडे जातो. डोक्याला विचारत नाही, परवानगी मागत नाही, जातो म्हणजे जातो.

ही खोड वडिलांची. कल्याणला आम्ही दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा वडील ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "मोरीतला दिवा कोणी चालू ठेवला?" मोरीत कोणी अंघोळ करत असलं तरी विचारायचे.

मी त्यांच्याही पुढे गेलो. ठाण्याला साडूकडे जेवायला गेलेलो, तर त्यांच्या बाथरूमचा दिवा बंद केला. साडू आत होते. डोळ्यांना साबण लावून होते, त्यामुळे दिवा गेलाय की आपले डोळे, हे त्यांना बराच वेळ कळलं नाही म्हणे. ऑफिसात एकदा साहेबांच्या केबिनचा दिवा बंद केला. आतून आवाज आला, "अहो, मी आहे अजून."

आणि चुलतबहिणीचं लग्न. मुहूर्त दुपारचा, आणि भर दुपारी वधूवरांच्या नावांची कमान लखलखतेय. मला बघवेना. मागे जाऊन मी प्लग काढला. तो निघाला मंगलाष्टकांच्या माइकचा. भटजी तोंड हलवतायत, आवाज नाही. लोकांनी आपल्या अंदाजाने अक्षता टाकल्या. लग्न लागलं, संसार व्यवस्थित चाललाय, पण बहीण अजून माझ्याशी जपूनच बोलते.

आमची शुभा, म्हणजे बायको, सगळ्यांना सांगते, "यांना स्वर्गात नेलं ना, तर हे आधी सूर्य बंद करतील."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी जायचं. मग आई पडली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहायला आलेलो. आई गॅलरीत कपडे वाळत घालताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मानपाडा रोडला एक नवंकोरं नर्सिंग होम झालेलं, तिथे नेलं. पहिल्या मजल्यावर पाच नंबरची खोली मिळाली. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे पलंगावरून उतरायचं नाही. सगळं पलंगावरच."

हे 'सगळं' म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आईच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. सत्तरीची बाई, कडक सोवळ्याओवळ्याची नाही, पण अतिशय लाजरी. मला म्हणाली, "हे बघ, भांडं देताना शुभा चालेल, नाहीतर सिस्टर. तू खोलीत थांबायचं नाहीस." शुभा शाळेत शिकवायची, दहा ते पाच. तेवढ्या वेळात मी रजा टाकून बसायचो. म्हणजे दिवसा आईची सगळी भिस्त सिस्टरवर.

आता त्या काळात सिस्टरला बोलवायची पद्धत काय होती? नातेवाइकाने पॅसेजमध्ये उभं राहायचं आणि "सिस्टर" म्हणून ओरडायचं. जेवढं प्रेम जास्त तेवढा आवाज मोठा. पाठोपाठ कशासाठी ते पण ओरडून सांगायचं, म्हणजे खाली औषधाच्या दुकानात उभा असलेला माणूससुद्धा समजून जायचा की वर कोणाचं पोट साफ झालं नाही. आमच्या डॉक्टरांना हे आवडत नव्हतं. त्यांनी बाहेर कुठे मोठ्या हॉस्पिटलात बघितलेलं, त्याप्रमाणे प्रत्येक पलंगाला बेल बसवून घेतलेली. वायरच्या टोकाला पेरूएवढं बटण. डोंबिवलीत तेव्हा हे म्हणजे फारच मॉडर्न.

पहिल्या दिवशी आमच्या मजल्याच्या सिस्टर आल्या. वनिता सिस्टर. चोवीस-पंचवीसची मुलगी, कळव्याची, कोळ्यांच्या घरातली. तुरुतुरु चालायची आणि बोलणं एकदम मोकळं. मला तिने आल्या आल्या काका करून टाकलं. मी तेव्हा बेचाळीसचा. लागलं जरा, पण ते जाऊ दे.

"आजी, हे बटण उशीशी ठेवायचं," ती म्हणाली. "काय पण लागलं तर दाबायचं. लाजायचं नाय. मी आहे ना."

आईचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. तिने ते बटण देवाच्या प्रसादासारखं ओंजळीत घेतलं.

"आणि काका, तुम्ही पण ऐका. हे दाबलं की बाहेर दारावर..."

"समजलं," मी म्हटलं. "बेल आहे."

"हो, पण ती कशी आहे, बाहेर..."

"अहो सिस्टर, मी वीस वर्षं सरकारी कचेरीत आहे. बेल म्हणजे काय ते मला शिकवू नका. साहेब वाजवतात, शिपाई येतो."

तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

त्या दोन मिनिटांत मी गप्प बसलो असतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं. ती जे सांगणार होती ते इतकं साधं होतं. पण मी हेडक्लार्क. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं तर मग हेडक्लार्क कसला?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आईने बटण दाबलं आणि मला म्हणाली, "तू बाहेर जा."

मी बाहेर आलो. दार लोटून घेतलं. बघतो तर दारावर लाल दिवा पेटलेला. भर अकरा वाजता. पॅसेजला एवढ्या मोठ्या खिडक्या, ऊन नुसतं लोळतंय, आणि यांचा दिवा चालू. दाराच्या चौकटीशेजारीच बटण होतं. टक. बंद केला. आणि सिस्टरची वाट बघत सभ्य माणसासारखा हाताची घडी घालून उभा राहिलो.

सिस्टर काही येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग वनिता सिस्टर आठ नंबरमधून बाहेर पडली, मला बघून थांबली. "काका, काय हवंय?"

"मला काही नकोय. आई बेल दाबून बसलीये."

"दाबलीये?" तिने एकदम वर बघितलं, मग माझ्याकडे. "मला नाय दिसली."

"बेल ऐकायची असते," मी म्हटलं.

ती पळतच आत गेली.

दुपारी पुन्हा तेच. आईने बटण दाबलं, मला बाहेर घालवलं, मी आलो, दिवा चालू, टक, बंद. सिस्टरचा पत्ता नाही. मला वाटलं, हा दिवा सारखा चालू करतं कोण? झाडू मारणाऱ्या मावशी दिसल्या. त्यांना धरलं. "मावशी, दिवसा दिवे लावत जाऊ नका."

"मी नाय बाबा हात लावत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा धरलं तेव्हा त्या पाया पडायच्या बेतात होत्या. मी मोठ्या मनाने माफ केलं.

तुमच्या लक्षात आलंय, दिसतंय मला. तो बघा गालातल्या गालात हसतोय. माझ्या लक्षात आलं नाही हो. तीन दिवस आईने दाबायचं, मी बाहेर येऊन विझवायचं आणि मग विझवलेल्या दिव्याखाली उभं राहून, ही सिस्टर किती बेपर्वा आहे, असा विचार करायचा.

चौथ्या दिवशी मात्र वाईट झालं.

साडेबारा वाजलेले. आईने बटण दाबलं. "लवकर बोलाव हं," म्हणाली. एरवी ती असं म्हणायची नाही. मी बाहेर आलो, दिवा बंद केला. मिनिटभराने तो परत लागला. मी परत बंद केला. पुन्हा लागला. मला वाटलं बटण ढिलं झालंय, म्हणून तिसऱ्यांदा जरा अंगठा रोवून दाबलं. आतून आई दाबतेय आणि बाहेरून मी. मग दिवा लागायचा थांबला. मला बरं वाटलं, की एकदाचं बटण नीट बसलं.

थोड्या वेळाने दार किलकिलं करून विचारलं, "आई, आली का गं सिस्टर मागच्या दाराने?"

आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणाली, "राहू दे आता. नको बोलावूस."

चादर भिजलेली होती. आमची आई रडत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. खरं सांगतो, तेव्हा ती पोरगी समोर आली असती तर मी काय बोललो असतो कोण जाणे. ती आली नाही. दोन नंबरमध्ये कोणाला तरी सलाइन लावत होती, ते नंतर कळलं. मी तरातरा खाली काउंटरवर गेलो आणि तक्रारवही मागितली.

आता लिहिणं म्हणजे माझा हातखंडा. आमच्या कचेरीत कोणाला मेमो द्यायचा असला की मसुदा माझाच. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, "सविनय निवेदन करण्यात येते की, पहिल्या मजल्यावरील परिचारिका वनिता या रुग्णाने वारंवार घंटा वाजवूनही उपस्थित होत नाहीत. सदर परिचारिका आपल्या कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी उचित कारवाई व्हावी." खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. अक्षर मोत्यासारखं. 'हेतुपुरस्सर' लिहिताना तर मला फारच समाधान वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसलेलो, मुद्दाम. डॉक्टर बरंच बोलले. ती एकदाच बोलली, "डॉक्टर, मला समजलं तर मी जातेच हो. मला समजतच नाय."

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी रोझी सिस्टर आल्या. वसईच्या, वयाने पोक्त. चादर बदलताना मला सांगितलं, "वनिताला घरी बसवलंय. येत्या एक तारखेला कायम होणार होती बिचारी. आता तिचं नाव मागे ठेवलं."

मला कुठेतरी टोचलं. पण मग आईचा तो चेहरा आठवला आणि म्हटलं, बसू दे चार दिवस घरी. शहाणी होईल. असं मी मनात म्हटलेलं आहे, तुमच्यापासून लपवत नाही.

आता पुढचं ऐका. रोझी सिस्टर यायला लागल्या आणि त्यांनाही आईची बेल समजेना.

आई दाबायची, मी बाहेर यायचो, टक, आणि मग आमची तपश्चर्या सुरू. मी शुभाला संध्याकाळी म्हटलं, "एकजात सगळ्या सारख्या." शुभा म्हणाली, "मी असते तेव्हा तर लगेच येतात हो. दाबलं की दोन मिनिटांत हजर."

"तू बाई आहेस म्हणून," मी म्हटलं. हे कुठलं तर्कशास्त्र ते मला विचारू नका.

शनिवारी मी पुन्हा वही मागायला गेलो. डॉक्टरांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाले, "हे बघा, एक सिस्टर चुकेल. रोझी पंधरा वर्षं काम करतायत, त्या चुकणार नाहीत. दोष बेलमध्येच आहे. ज्याने बसवली त्या वायरमनला मी एमआयडीसीतून बोलावलंय. तुम्हीही या, तुमच्यासमोर तपासू."

मला हे फार आवडलं. माझ्या तक्रारीवरून तपासणी.

तर पॅसेजमध्ये असे उभे. डॉक्टर, रोझी सिस्टर, आणि स्टुलावर चढून दारावरच्या दिव्याकडे मान वर करून वायरमन. मी आत आईजवळ.

"आजी, दाबा," डॉक्टर बाहेरून म्हणाले.

आईने बटण दाबलं. आणि सवयीने मला म्हणाली, "तू बाहेर जा."

मी बाहेर आलो. दिवा चालू. टक.

"गेला," वरून वायरमन म्हणाला. "बघितलंत डॉक्टर, लागला आणि लगेच गेला. लूज कनेक्शन असणार. आजी, परत दाबा."

लागला. टक.

"परत गेला. च्यायला, नवीन वायर आहे हो ही. आजी, अजून एकदा."

लागला. माझा हात निघाला, आणि बटणावर पोचतो तोच डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय करताय?"

"दिवा बंद करतोय," मी म्हटलं. "दिवसाउजेडी कशाला?"

झाडूवाल्या मावशी जिन्याशी होत्या, त्यांचा झाडू थांबला. रोझी सिस्टरनी छातीवर क्रूसाची खूण केली. वायरमन वरून खाली माझ्या हाताकडे बघत राहिला.

डॉक्टर शेवटी अगदी हळू म्हणाले, "अहो, हा दिवा म्हणजेच बेल आहे. तिकडे टेबलावर एकदाच टिंग वाजतं. सिस्टर आठ खोल्यांत फिरत असते, तिला ते ऐकू येईलच असं नाही. म्हणून दारावर दिवा लागतो. तो बघून ती येते, आणि आत शिरताना बंद करते. त्यासाठी ते बटण. तुम्हाला हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही?"

"मग मी उतरू का खाली?" वायरमनने विचारलं.

मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सांगत होती ती. 'बाहेर' इथपर्यंत दोनदा आलेली बिचारी, आणि दोन्ही वेळा मी तिचं वाक्य तोडलं, वर माझ्या नोकरीची वर्षं ऐकवली. मी मनातल्या मनात मोजायला लागलो, किती वेळा टक केलं. चौदापर्यंत गेलो आणि सोडून दिलं. मग तो चौथा दिवस आठवला. ती आतून दाबतेय आणि मी बाहेरून अंगठा रोवतोय.

आत जाऊन आईला सांगितलं. सांगावंच लागलं, तिने सगळं ऐकलेलं होतं. खाली मान घालून म्हटलं, "आई, ते मीच करत होतो."

तिने हातातलं बटण उशीशी ठेवलं. मग म्हणाली, "माझं सोड. तुझी दुपटी मी धुतली आहेत, एक चादर माझी तुझ्या नावावर. पण त्या मुलीचं काय केलंस तू? ती मला रोज वेणी घालून देत होती. तुला माहीत तरी आहे का?"

मला माहीत नव्हतं. मी बाहेर उभा असायचो ना.

"तिच्या घरी जा," आई म्हणाली. "चिठ्ठी पाठवू नकोस. तुझ्या चिठ्ठ्या पुरे झाल्या."

मी आधी खाली काउंटरवर गेलो. तक्रारवही उघडली. ते पान फाडावं असं फार वाटलं, पण पानांवर नंबर घातलेले. कचेरीत मी स्वतः सगळ्यांना दम देत आलोय की, एकदा नोंद झाली की झाली. मग त्या मोत्यासारख्या अक्षराखाली लिहिलं, "वरील तक्रार खोटी आहे. दिवा मी बंद करीत होतो. परिचारिकेचा काहीही दोष नाही." सही, पूर्ण नाव, हुद्दा. हुद्दा लिहिताना हात अडखळला. डॉक्टरांनी ते वाचलं. म्हणाले, "तिला मी परत बोलावतोच. पण कायम करायची यादी काल मंजूर झाली. आता पुढची सहा महिन्यांनी. तुम्ही 'हेतुपुरस्सर' लिहिलं होतंत, साहेब. माझ्या भागीदारांनी तेवढा एकच शब्द वाचला."

रविवारी सकाळी मी कळव्याला उतरलो. पत्ता रोझी सिस्टरनी दिलेला. खाडीच्या बाजूला बैठी घरं, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. ओट्यावर एक म्हातारेसे गृहस्थ जाळं शिवत बसलेले. मी विचारलं, "वनिता सिस्टर इथेच राहतात का?"

"माझीच पोर," ते म्हणाले. "हॉस्पिटलातून आयलास? ये, बस. च्याय घे." त्यांच्यात अहोजाहो नाही, सगळ्यांना अरेतुरेच, आणि ते इतकं मायेचं लागलं की मला बसवेना. आत वळून त्यांनी चहा सांगितला. मग जाळ्यात सुई घालत म्हणाले, "कोन तरी हापिसर होता. त्याने वहीत लिवला. पोर तीन दिस जेवली नाय. बोलते, बा, माझीच कायतरी चूक असल, एवढा शिकलेला मानूस उगीच कशाला लिवल."

चहा माझ्या हातात आलेला. तो तसाच धरून मी म्हटलं, "तो ऑफिसर मी."

त्यांची सुई थांबली. ते रागावतील, ओट्यावरून खाली उतरवतील असं वाटलं. बरं झालं असतं. पण ते नुसते म्हणाले, "च्याय पी. थंड होतंय."

तेवढ्यात वनिता सिस्टर बाहेर आली. घरातल्या साडीत मी तिला ओळखलंच नाही. "काका? आजी बऱ्या आहेत ना?" हे तिचं पहिलं वाक्य.

मी सांगितलं. सगळं. दिवा, बटण, खोड, वडील, मोरी, काय काय सांगत सुटलो. ती ओट्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे दिवा लागत होता?"

"लागत होता."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

तिचा हात कानाकडे गेला. मग म्हणाली, "मी परवा ठाण्याला जाऊन कान तपासून आले, काका."

मी हातातला कप ओट्यावर ठेवला.

"ते डॉक्टर बोलले, कान एकदम चांगले आहेत. मग मी म्हटलं, डोळे बघा. ते पण चांगले निघाले. मग मला भीतीच वाटली. कान चांगले, डोळे चांगले, तरी मला पेशंटचा दिवा दिसत नाय, म्हणजे मी नर्स कशाची? हे काम सोडूनच द्यायचं म्हणत होते मी." आणि ती हसली. हसता हसता पदराने डोळे पुसले. तिचे वडील पुन्हा जाळं शिवायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, तिने माफ केलं. तिने तसं काही म्हटलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मी सहा महिन्यांचं सांगितलं. कायम व्हायचं लांबलं, ते आता माझ्या हातात नाही, असं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पहिल्या दिवशी म्हणालेली तसंच.

मग म्हणाली, "आजींना सांगा, उद्या येते. वेणी घालून नाय कोणी दिली असेल त्यांना."

मी उठलो. निघताना वर बघितलं तर ओट्यावरचा दिवा चालू. साडेदहा वाजलेले, खाडीवरून डोळ्यांत जाईल असं ऊन येतंय, आणि पिवळा बल्ब जळतोय. बटण माझ्या खांद्याजवळच. हात वळवळला. मी दोन्ही हात खिशात घातले आणि पायरी उतरलो.

चार पावलं गेलो असेन. मागून वनिता सिस्टरने हाक मारली, "काका, जाताना तेवढा दिवा बंद करा ना. बा कधी करत नाय."

मी परत आलो. हात वर नेला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला दिवा बंद करायला सांगत होतं. पण माझं बोट काही बटणावर टेकेना.

मी विचारलं, "नक्की करू? आतून कोणी बोलावत नाहीये ना?"